पुंजाराम पेंटरचा ढ

क्रांती चौकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून करुणा आपल्या बापाची अक्षरं संगणकात उतरवत होती. पुंजाराम पेंटर जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचं अक्षर जाडजूड, ठणठणीत. सगळीकडं एकाच रुंदीची रेघ, ना नक्षी ना शेपट्या, आणि गोल म्हणजे खिळ्याला दोरी बांधून काढलेला गोल. एसटीच्या खिडकीतून म्हातारीलाही वाचता आलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. जयंतीच्या कमानी, पिठाच्या गिरण्या, पाण्याच्या टाक्या, सगळीकडं ते अक्षर पाय रोवून उभं असायचं. त्याच्यासमोर आजही करुणाची मान आपोआप वर जायची.

सोयगावपासून पैठणपर्यंत तिनं दोनशे पाट्यांचे फोटो काढले, पण ढ कुठंच सापडेना. फॉन्टला बापाचं नाव द्यायचं होतं, आणि त्यात परकं अक्षर एकही घालणार नाही, असा शब्द तिनं आईला दिला होता. शेवटी हरून तिनं एका दुपारी ढ स्वतःच काढला. वेटोळं वळवताना माऊस निसटला आणि डावीकडं बारीकशी खोच पडली. ती पुसली की अक्षर मेल्यासारखं दिसायचं, म्हणून तिनं तशीच ठेवली.

आईपासून लपवणं तिला जमलं नाही. मालनबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडं पाहिलं.

“हे त्यायचं नाय. तुझं हाय. मग नाव एकट्या त्यायचं कसं लावती?”

त्यांनी नवऱ्याचा जुना नियम सांगितला. शागिर्दाचं एखादं अक्षर उस्तादाला आपलंच वाटलं, की त्या पाटीच्या कोपऱ्यात उस्तादानं आपल्या सहीखाली शागिर्दाचं नाव लिहायचं. पुंजारामांनी जन्मात कुणाचं लिहिलं नाही. करुणाला तर त्यांनी कुंचला कधी धरूच दिला नव्हता, आणि ते दुखणं तिच्या मनात अजून ताजं होतं. फॉन्ट तिनं तसाच अडवून ठेवला.

पाट्या शोधताना तिनं गावोगावी आपला नंबर देऊन ठेवला होता; आठवड्यानं सिल्लोडहून कडूबा ढगे या आडत्याचा फोन आला. आडत दुकानावरचा फाटका फ्लेक्स काढला तर खाली तिच्या वडिलांची पत्र्याची पाटी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पोचली. मक्याच्या पोत्यांच्या वर, उन्हात, निळी अक्षरं उभी होती.

ढगे आडत दुकान.

ती शिडीवर चढली. वेटोळ्याला डावीकडं खोच होती. तिनं मोबाइलवर आपला ढ काढून शेजारी धरला. खोच तीच, तिथंच, तेवढीच.

 भीती वाटायच्या आधीच तिनं नकळत हात जोडले.

“कधीची हाय ही पाटी?” तिनं खाली उभ्या ढगेंना विचारलं.

“लई जुनी, ताई. अठ्ठ्याऐंशीची. साल टाकलंय बघा कोपऱ्यात.”

अठ्ठ्याऐंशी साली तिच्या आईबापाचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

कोपऱ्यावर धूळ होती. तिनं ओढणीनं पुसली. साल निघालं. मग ‘पुंजाराम पेंटर’.

त्याखाली, त्याच हातानं लिहिलेलं, ‘करुणा’.

रंग तडकला होता. एकच जुना तडा दोन्ही नावांतून सरळ खाली गेला होता.