हारमोनवाला सायमन

“तिथंच थांबा! एक पाऊलही पुढं टाकू नका!”

एका देखण्या तरुणानं लुईझाला आयुष्यात पहिल्यांदा काही म्हटलं, ते हे.

ती थांबली. थांबणं तसं सोपं नव्हतं. गिरीजहून थेट वसई स्टेशनच्या पूर्वेपर्यंत ती सायकल ढकलत आली होती आणि मागच्या कॅरिअरवर केळीच्या वाळल्या सोपटानं बांधलेली चर्चची बाजाची पेटी होती. सायकल थांबली, पण पेटी काही थांबेना. ती एका अंगावर कलंडली आणि आतून घसा बसलेल्या कोंबड्यासारखा सूर निघाला.

तरुण औषधांच्या कारखान्याच्या दारात उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात लांब पांढरा डगला, हातांत रबरी मोजे, नाकातोंडावर मलमलीचं फडकं. दिसत होते ते नुसते डोळे. पण लुईझानं तेवढ्यावरच त्याला देखणा ठरवून टाकलं. विसाव्या वर्षी तेवढं पुरतं.

“मी अंघोळ करून येतो,” तो म्हणाला आणि आत पळाला.

लुईझा बघतच राहिली. दारी कुणी आलं की लोक पाणी विचारतात... हा आपला स्वतःवरच ओतून घ्यायला गेला!

बऱ्याच वेळानं तो परत आला. केस ओले, सदरा दुसरा. फडकं गेल्यामुळं आता ओठांवरची मिशीही दिसली. मिशी कसली, मिशीचा नुसता विचार होता. पण त्यानं तो विचार मोठ्या प्रेमानं विंचरलेला होता. लुईझापासून दोन हातांवर तो थांबला आणि म्हणाला, “बोला. मी सायमन.”

“आमचा हारमोन बिघडलाय,” लुईझा म्हणाली.

सायमनचा चेहरा पांढराफटक पडला. “तुमच्याकडं कसा आला? कुणाच्या हाताला लागला?”

“हाताला? सगळ्यांच्याच लागतो. दर रविवारी.”

“दर रविवारी! आणि... लहान मुलंसुद्धा हात लावतात?”

“नको म्हटलं तरी लावतात. मागच्या महिन्यात तर रोझलीनच्या भावानं वर बसूनच घेतलं.”

“देवा! आणि तुम्ही स्वतः?”

“मी तर लहानपणापासून वाजवते.”

“वाज...?” सायमननं सायकलकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं आणि भिंतीला टेकून हसायला लागला. हसताना तो खरंच देखणा होता. लुईझाचा अंदाज चुकला नव्हता.

चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती. गिरीजच्या गायनमंडळात पेटीला सगळे हारमोनच म्हणत. ‘हार्मोनियम’ म्हणून होईपर्यंत गाण्याचा पहिला चरण निघून जायचा. त्यात पाचूबंदरची जुलियाना मावशी रोज सकाळी दारी येई. तिच्या टोपलीत मासळी थोडी आणि बातम्या फार. तिनं परवाच सांगितलं होतं, “अगो पोरी, आमचे बंदरचा सायमन बीएस्सी शिकून आला ना, तो आता टेशनापलीकडं हारमोन बनवतो. लय हुशार पोऱ्या. पन कोनाला सांगू नको.”

“आम्ही वेगळा हारमोन करतो,” सायमननं डोळे पुसत सांगितलं. “औषध असतं ते. गोळ्या.”

“म्हणजे पेटी दुरुस्त नाही होणार?” लुईझाचा आवाज पडला. “भाता फाटलाय हिचा. महिन्यावर चर्चचा सण आलाय. पेटी नसली तर फादर शेजारच्या निर्मळ गावचं गायनमंडळ बोलावतील. आमच्या सणाला निर्मळच्या मुली गाणार... आम्ही खाली बसून ऐकणार!”

गिरीजच्या माणसाला याहून मोठं संकट सांगता येत नाही. सायमन बंदरचा असूनही त्याला ते कळलं.

“पेटी ठेवून जा. बघतो,” तो म्हणाला. “फक्त... गाऊन दाखवा जरा. म्हणजे सूर कुठं अडतो ते कळेल.”

भात्याचं भोक शोधायला गाणं कशाला लागतं, हे लुईझाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर तिनं दाखवलं नाही. तिथंच, भाताच्या कापलेल्या शेतांकडं तोंड करून ती मारियेचं गाणं गायली. शेवटचा सूर उंच नेऊन तिनं अलगद सोडला आणि वळून पाहिलं.

सायमनचे डोळे भरले होते. आणि मग तो आणखी एक पाऊल मागं सरकला.

ते मागं सरकणं लुईझाच्या मनाला लागलं ते लागलंच.

पेटी सायमननं पाचूबंदरला घरी नेली. जाळी शिवणारा बाप आणि बीएस्सी झालेला लेक, दोघांनी मिळून भाता शिवला. भोकावर ठिगळ लावलं ते कोऱ्या रबरी मोज्याचं. पेटी परत आली ती नव्या नवरीसारखी सुरात! मग ‘ठिगळ टिकलं का’ हे बघायला सायमन दर शनिवारी तालमीला यायला लागला. ठिगळ टिकलं होतं. तरी तो येतच राहिला.

पण यायचा आणि दोन हात लांब उभा राहायचा. लुईझा पुढं झाली की तो मागं. एकदा तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर म्हणाला, “खाली ठेवा, मी घेतो.” घरी जाऊन तिनं आपल्या ओढणीचा वास घेऊन पाहिला. दुसऱ्या शनिवारी केसांत सोनचाफा माळला. सायमननं लांबूनच मोठा श्वास घेतला आणि तिथंच उभा राहिला!

“तुमच्या कारखान्यात असं असतं तरी काय?” शेवटी तिनं चिडून विचारलं.

“भुकटी. पांढरी, पिठासारखी. पुरुषाच्या अंगात जे मुळातच असतं, तेच. ज्याच्या अंगात कमी पडतं त्याच्यासाठी गोळ्या करतो.”

“आणि बाईमाणसाच्या अंगाला लागली तर?”

सायमन घुटमळला. “थोडीशी लागून लगेच धुतली तर काही नाही. पण रोज लागत राहिली, श्वासातून गेली तर... मिशी येते.”

लुईझा खळखळून हसली. पण खिडकीशी गायनमंडळातली रोझलीन उभी होती आणि ती अजिबात हसली नाही. तिनं ते आईला सांगितलं, आईनं जुलियाना मावशीला. मग टोपली गिरीजच्या वाडीवाडीतून फिरली. “हारमोनच्या भात्यात कारखान्याचा मोजा हाय! भाता हलला का भुकटी उडते, गानारीला मिशी फुटते!”

पुढच्या तालमीला एकही मुलगी आली नाही. रोझलीन आरशासमोर लिंबू चोळत बसली होती म्हणे.

फादर बॅप्टिस्ट पेटीकडं जरा लांबूनच पाहत म्हणाले, “लुईझा, निर्मळला निरोप धाडू का?”

“उद्यापर्यंत थांबा, फादर,” ती म्हणाली आणि सायकलवर बसली. या वेळी कारखान्याच्या दारात ती आपणहून लांब थांबली आणि तिथूनच ओरडली, “तुमच्यामुळं झालंय! तुम्हीच निस्तरा!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या अंगणात मुली आणि त्यांच्या आया जमल्या. जुलियाना मावशी टोपली घेऊन पुढंच बसली. सायमन सायकलवरून आला, फाटकाबाहेरच उभा राहिला आणि तिथून मोठ्यानं बोलायला लागला.

“भुकटी आहे हे खरं. धोका आहे हेही खरं. म्हणून तर त्या खोलीत आम्ही बाईमाणसाला येऊ देत नाही. भुकटी काचेच्या पेटीत तोलतो. झाडू मारत नाही, ओल्या फडक्यानं पुसून घेतो, म्हणजे ती उडत नाही. आतले कपडे आतच धुतो, अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नाही. आणि भात्याला लावलेला मोजा कोरा होता. त्या खोलीत तो गेलाच नव्हता.”

“कशावरून?” जुलियाना मावशीनं विचारलं. “बोलायला कोनाचं काय जातं?”

सायमननं एकवार लुईझाकडं पाहिलं. ती एकटीच पेटीजवळ उभी होती, भात्यावर हात ठेवून, राखणीला उभं राहावं तशी. त्यानं खोल श्वास घेतला, फाटकावर वाकला आणि चेहरा दिव्याच्या उजेडात धरला.

“ही माझी मिशी बघा,” तो म्हणाला. “वर्षभर रोज त्या भुकटीशेजारी बसतो. शिवाय रोज रात्री खोबरेल चोळतो. बघा किती आली ते! मी काळजी घेत नसतो तर... निदान ही तरी बरी आली असती!”

मावशी उठली, पदर खोचून फाटकापाशी गेली, डोळे बारीक करून तिनं नीट निरखलं आणि मुलींकडं वळून जाहीर केलं, “अगो बाय! याचेपरीस माझी दाट हाय!”

मग जो हशा उठला त्यात रोझलीनचा आवाज सगळ्यात मोठा होता. मुली धावत पेटीभोवती जमल्या आणि तालीम सुरू झाली. फाटकाबाहेर सायमन लालबुंद होऊन उभा होता. वर्षभर जपलेली अब्रू त्यानं चव्हाट्यावर मांडली होती. लुईझा त्याच्याकडंच बघत राहिली. पहिली ओळ तिला नीट गाताच आली नाही.

सणाच्या रविवारी मात्र ती अशी गायली की निर्मळहून आलेल्या मुलीही टक लावून ऐकत राहिल्या. मिस्सा संपली, लोक मंडपाकडं वळले. चर्चमागच्या सोनचाफ्याखाली सायमन उभा होता. मिशी सफाचट! लुईझा पुढं आली आणि आपणच दोन हातांवर थांबली.

“काढलीत?”

“तिचं काम झालं.”

“एक विचारू?” लुईझाचा आवाज कापला. “अंघोळ केल्यावर, कपडे बदलल्यावर धोका राहत नाही ना?”

“नाही.”

“मग मला अजून दोन हात लांब का ठेवलं? मी... आवडत नाही का तुम्हाला?”

“आवडत नाही?” सायमन घाईघाईनं म्हणाला. “लुईझा, मिशीचं मी हसण्यावारी नेलं. पण त्या भुकटीनं बाईचा आवाज जाड होतो. मिशी काढता येते, पण आवाज एकदा गेला की परत येत नाही. तुम्ही त्या दिवशी शेताकडं तोंड करून गायलात ना... तेव्हापासून माझा अंघोळीवर विश्वासच राहिला नाही. दोन-दोनदा करतो, तरी भीती वाटते. माझ्यामुळं हा आवाज गेला तर मी जगू कसा?”

इतके दिवस ओढणीचा वास घेत बसलेल्या स्वतःचंच लुईझाला हसू आलं आणि रडूही आलं.

“आज कारखाना बंद आहे ना?” तिनं विचारलं.

“काल दुपारपासून.”

“आणि अंघोळ?”

“सकाळपासून तीनदा.”

“वेडा आहेस तू!” ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. “मग ये की जवळ.”

तो एक हात पुढं आला. उरलेला एक हात ती पुढं झाली. तिनं त्याचा हात धरला तेव्हा त्याची बोटं धुऊन धुऊन सुरकुतली होती, आणि जगात इतका स्वच्छ हात दुसरा नसेल असं तिला वाटलं.

तेवढ्यात मंडपाच्या बाजूनं जुलियाना मावशीची हाक आली. सगळ्या गिरीजला ऐकू जाईल अशी.

“सायमन! अरे पोरीला हात लावतोस, अंघोळ केलीस ना रे?”

सायमननं दचकून हात मागं घ्यायला पाहिलं. लुईझानं तो सोडला नाही. मघाशी चर्च भरून टाकणाऱ्या त्याच आवाजात ती ओरडली,

“केलीय, मावशी!”