ताईंचा बोर्ड

सकाळी आल्या आल्या तिने चिपा बसवलेले दोन बोर्ड ट्रेमध्ये घेतले आणि ती तळघरातल्या चाचणीखोलीत उतरली. रोजचंच काम. अवकाशातल्या किरणांत टिकतील का ते बघायला बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपा किरणोत्सारी कोबाल्टसमोर चार तास ठेवायच्या. तगेल ती यानातून अवकाशात जाणार. यानात जागा एकीचीच. एक चिप तिने निवडलेली, दुसरी ताईंनी.

ताई तिच्या वरिष्ठ. महिन्यापूर्वी झोपेतच गेल्या. तरी प्रयोगशाळेत उठता-बसता त्यांचंच नाव. “खेळण्यातली चिप उचलली बाईंनी, पण काय नजर!” हे ऐकलं की तिच्या पोटात दुखायचं. ताईंनी तिला लेकीसारखं, हात धरून शिकवलं होतं. आता त्याचाही रागच यायचा. मेल्यावरही या बाईला पहिला नंबर सोडवत नाही?

खोलीत ठिणगी उडून गेल्यासारखा उग्र वास होता. खड्ड्यातल्या पाण्याखाली कोबाल्ट बुडालेला, त्यामुळे त्याचे किरण अडलेले. बोर्डांचे दोन्ही स्टँड जमिनीवरच्या एकाच रेघेवर, कोबाल्टपासून सारख्या अंतरावर असायला हवेत. तिने ताईंचा स्टँड वीतभर पुढे सरकवला. जवळ जाईल त्याला मार जास्त.

“झालं का गं?” दाराबाहेरून तंत्रज्ञ मामांनी विचारलं.

“झालं, मामा.”

तिने दार लावलं, किल्ली खिशात टाकली. कोबाल्ट पाण्याबाहेर आला. आता आत कुणी गेलं असतं, तर जगलं नसतं.

चार तासांनी ताईंची चिप मेलेली होती. तिच्या चिपमध्ये मात्र एकही चूक नव्हती.

“जशीच्या तशी! पार्टी पाहिजे हं!” मामा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. इतकी धडधाकट चिप तिने कधी पाहिली नव्हती.

मग मामांनी मार मोजायला बोर्डांमागे लावलेल्या काचा सोडवल्या. किरणांनी काच तपकिरी पडते. ताईंच्या बोर्डामागची चहासारखी काळपट झाली होती. तिचीही… पण मधोमध स्वच्छ, पांढरा पंजा. पाच बोटं पसरलेली. तिच्या चिपसमोर कुणीतरी चार तास हात धरून ठेवला होता.

“माणसाच्या हाताने हे किरण अडत नाहीत, पोरी…”

“आत कोणी…”

“किल्ली तुझ्याकडे होती.” मामांनी नोंदवही उघडली. “तुझ्या चिपला मार किती बसला म्हणून लिहू?”

मार न खाल्लेली, म्हणजे न तपासलेली चिप वर गेली, तर पृथ्वीभोवतीच्या पहिल्याच फेरीत यान मुकं व्हायचं. तिथे दुरुस्तीला कोण जातंय?

“शून्य लिहा,” ती म्हणाली. “ताईंचा स्टँड मी पुढे सरकवला होता, मामा. नव्या चिपा घेऊ. दोन्ही रेघेवर.”

मामांनी शून्य लिहिलं. नव्या काचा आल्या. या वेळी तिने अंतर दोनदा मोजलं. जिंकायचं तर स्वतःच्या बळावर.

दार बंद झालं. कोबाल्ट अजून पाण्यातच होता. तिने आतल्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या काचेवर वाफ धरत होती… एक बोट, दोन, पाच.

“ताई, सोडा ना…” ती पुटपुटली. “एकदा तरी मला माझं मला करू द्या.”

पडद्यावर बोटं हळूहळू तिच्या चिपवर मिटली.