टोपी डावीकडे गेली

मोजणीवाली ताई त्या दिवशी नावेत बसली ती नेहमीच्याच कामाला. नदीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथल्या उजव्या फाट्यात गाळ किती साचलाय ते पाहायचं होतं. काम तसं साधं. ओळंब्याच्या बुडाला साबणाचा जाड लेप द्यायचा आणि दोरीने तो तळाला सोडायचा. दोरी खोली सांगते, साबणाला चिकटून आलेली वाळू तळाची हकीकत सांगते. साबण घरचाच, कपडे धुवायचा. "नदीला रोज साबण, आणि माझ्या चादरी मळक्या," असं आई चिडवायची. धाकटा गेल्यापासून तिने चिडवणं सोडलं होतं.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. ओळंबा टाकायचं काम त्याचं. मागच्या पुरात, नदी दुभंगते तिथेच, नावेतून तोल जाऊन तो पडला. त्याची लाल टोपी वर आली आणि डाव्या, रुंद फाट्याकडे वाहत निघाली. सगळ्या नावा टोपीमागे धावल्या, ताईची सगळ्यांत पुढे. डावा फाटा विंचरून काढला, पण हाती लागली ती टोपीच. तेव्हापासून आई डाव्या फाट्यावरल्या, घरामागच्या धक्क्यावर बसून असते. ताई परतली की एकच विचारते, "सापडला का गं?" कधीतरी या प्रश्नाला 'हो' म्हणता यावं, एवढंच ताईला हवं होतं.

उजव्या फाट्यात शिरताना भरदुपारी धुकं उतरलं. पाणी संथ, वास ओल्या मातीचा. तळाची वाळू सरकते तिची कुजबुज नावेच्या फळीला कान लावला तरच ऐकू येते. आज ती बसल्या जागी ऐकू येत होती.

"इकडे एवढी वाळू कशी, ताई?" वल्हं मारता मारता नावाडी नानांनी विचारलं. "पाणी तर सगळं तिकडे पळतं."

"वरचं पळतं, नाना. वळणावर तळाचं पाणी आतल्या अंगाला ओढ घेतं. त्यामुळे तळाशी जे काही असेल, ते सगळं इकडेच…"

हे ती दर नव्या माणसाला शिकवत आली होती. पण त्या पुरात टोपी दिसली आणि सगळं शिकलेलं पाण्यात गेलं.

तिने ओळंबा सोडला. दोरी बरीच खाली गेली. वर ओढून पाहिलं तर साबणाला वाळूचा कणही नव्हता. बोटं उमटली होती, कुणी मुठीत घट्ट धरल्यासारखी. त्यांतलं मधलं बोट अर्धंच होतं.

धाकट्याचं मधलं बोट नांगराच्या साखळीत सापडून तुटलं होतं.

"फिरू या माघारी," नाना हलकेच म्हणाले.

"एकदाच टाकते. तोच आहे, नाना…"

"तोच आहे, म्हणून तर म्हणतोय."

ताईला भीती होती आणि तिच्याहून मोठी आशा होती. तिने साबण पुन्हा लेपला, ओळंबा सोडला. या वेळी दोरी निम्मीही गेली नाही. तळ वर आला होता. आणि खालून दोरीला दोन हिसके बसले. तळ लागला की धाकटा असेच दोन हिसके द्यायचा… पण वरून.

तिने ओळंबा खेचला. साबणावर बोट ठेवायला जागा नव्हती. जाड पंजे, सडपातळ पंजे, एक तर लहान मुलाचा, एकावर एक उमटलेले. वर्षानुवर्षं पुराने नेलेली माणसं कुठे गेली, ते तिला त्या क्षणी कळलं. खालची कुजबुज थांबली आणि नाव वाळूवर टेकली.

नाना आणि ताई, दोघांनी बांबू रोवून जिवाच्या आकांताने नाव रेटली. डाव्या फाट्यात आल्यावर कुठे ताईला श्वास घेता आला. तळाचं इकडे येत नाही, हा नियम आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली. आईला यातलं अक्षरही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं.

धक्का आला. आई नेहमीच्या जागी नव्हती. पार खाली, कधीही कोरडी न दिसलेल्या पायरीवर उभी होती. तिच्यापुढे कालपर्यंत खोल पाणी होतं. आज तिथे ओली वाळू होती, धुक्यात लांबवर गेलेली.

आज तिने 'सापडला का' असं विचारलं नाही. कित्येक महिन्यांनी ती हसत होती.

"आई… वर ये आधी."

"येते गं. तुझ्याकडे साबण उरलाय का? हात बघ किती बरबटलेत त्याचे."

ताईने वडी पुढे केली. आईने ती हातात घेतली, धुक्याकडे वळून पाहिलं आणि जरा विचारात पडली.

"एवढ्याने नाही व्हायचं," ती म्हणाली. "बरीच जणं आलीत त्याच्याबरोबर."