अर्धं कापलेलं घर

आखाती देशातल्या हवल्ली शहरात, एका फोटो स्टुडिओत, देवयानी अकरा वर्षांपासून जुने फोटो दुरुस्त करत होती. कुणाच्या आजोबांची फाटलेली कॉलर, कुणाचा ओघळलेला डोळा. त्या दुपारी मालक नंदकुमारने शंभर वर्षांपूर्वीची एक काचेची प्लेट तिच्यापुढे ठेवली. उत्तर ध्रुवाकडचं इनुइट कुटुंब, बर्फाच्या घरात, कातड्यांखाली निजलेलं. पाच माणसं.

"निजलेलं कसलं, भाऊ," देवयानी म्हणाली. "उजेडासाठी घर अर्धं कापलंय त्यांचं."

प्लेटच्या पाकिटावर फोटो काढणाऱ्याने तसं लिहिलंच होतं. घर कापून घेतलं. संध्याकाळी जहाजावर नेण्याचं त्यांना कबूल केलं. खाली जहाज सुटल्याची वेळ होती. त्याच दुपारची.

पुढच्या बर्फावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती.

"ती सावली तेवढी पुसा, ताई," नंदकुमार म्हणाला. "प्रदर्शनात बरी दिसत नाही. चारला तुमचा पासपोर्ट आणून देतो."

रात्रीचं विमान होतं. उद्या कराडला आईचं ऑपरेशन. अकरा वर्षं पासपोर्ट याच्या कपाटात, आणि तोंडाने ताई ताई.

त्याने शटर ओढलं. बाहेरून कुलूप लागलं.

चित्रातली बाई डोळे मिटायचं विसरली होती. सरळ बघत होती.

"तुम्हाला सोडून गेला, त्याची एवढीच खूण उरलीये," देवयानी तिला हळूच म्हणाली. "मी नाही पुसायची."

पावणेचारला फोन आला. "झालं का? काम नाही तर पासपोर्ट नाही, ताई."

तिने पुसली.

स्क्रीनवर पुसली, तर काचेवरूनही गेली. मग वास आला, ओल्या कातड्याचा, जळत्या चरबीचा. बाहेर एकोणपन्नास डिग्री, आणि आत तिच्या तोंडातून वाफ निघत होती. चार वाजले. पाच. साडेसहा. नंदकुमारचा फोन बंद. मागच्या भिंतीपलीकडे कुणीतरी सुरीने बर्फ कापत असावं तसा आवाज... खर्र... खर्र...

"भाऊ... तुम्ही आहात का?"

आवाज थांबला.

वळली, तर टेबलावर तिचा पासपोर्ट. शटर बंदच होतं. पासपोर्टवर हिव साचलं होतं. तिने तो उघडला. नाव तिचं, सही तिची. फोटोच्या जागी कोरा चौकोन.

देवयानीने प्लेट दिव्यावर धरली. कातड्यांखालचे चेहरे बोटाने मोजले. पाच... आणि सहा.

त्या बाईने जरा सरकून जागा करून दिली होती.