उसनी वीज

तळेगावच्या राज्य वाहनतुलना केंद्रात चार गाड्या रोलरवर उभ्या होत्या, आणि त्यांतली चौथी कोणाला धड सुचू देत नव्हती.

स्वस्त विद्युतगाड्यांची वार्षिक तुलना हे केंद्राचं सगळ्यात गाजणारं काम. पेट्रोलची गाडी घेणारा माणूस आता शोधूनही सापडत नव्हता. विजेच्या गाड्या मात्र इतक्या निघाल्या होत्या, की लग्नाचं स्थळ बघताना करणार नाहीत एवढी चौकशी लोक गाडी घेताना करत. पल्ला किती, डिकी केवढी, पाठीमागे तिघं मावतात का, विकताना काय येईल! या सगळ्याला कंटाळून शेवटी केंद्राचा निकाल बघत आणि पहिल्या नंबरची गाडी दसऱ्याच्या मुहूर्तासाठी दारात आणत. त्यामुळे केंद्राच्या प्रमुख डॉ. मृदुला ओगले यांच्या सहीला वजन आलं होतं.

"मॅडम, माझं डोकं चालत नाही," इम्तियाज बागवान म्हणाला. बॅटरीच्या परीक्षणात राज्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि आज तोच हात टेकून बसला होता. "त्या गोदा गाडीची बॅटरी या चौथीच्या, सखीच्या दुप्पट आहे. तरी पल्ला सखीचा जास्त. महिनाभर पुण्यात फिरवली, एकदाही चार्जरला लावावी लागली नाही. मग ही वीज येते कुठून? हवेतून?"

"शेजारणीकडून," मृदुला म्हणाली.

"म्हणजे?"

"सखीच्या पुढच्या-मागच्या बंपरात उसनपट्टी आहे. सिग्नलला, टोलनाक्यावर, पार्किंगमध्ये दुसरी सखी हातभर अंतरावर आली, की जिच्यात जास्त ती जिच्यात कमी आहे तिला वीज देते. तार नको, काही नको. साखर संपली की शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणतो ना, तसं. पुण्यात कंपनीने नमुन्यादाखल काही हजार सख्या आधीच विकल्यात. त्यांतल्या बहुतेक दिवसभर ऑफिसाखाली भरलेल्या उभ्या असतात. आपली सखी त्यांच्याकडून घेत फिरली."

"म्हणून बॅटरी छोटी, आणि बॅटरी छोटी म्हणून किंमत कमी!" इम्तियाज खूश झाला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण मॅडम, सगळ्याच घरातल्या बायका एकाच वेळी वाटी घेऊन बाहेर पडल्या तर?"

मृदुलाने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. हा प्रश्न सखी बनवणाऱ्यांनी विचारला असता तर ही गोष्टच घडली नसती.

"तर कोणाकडेच साखर नसते. आणि वाईट म्हणजे निघेपर्यंत कोणाला ते कळतही नाही. सखी पडद्यावर जो पल्ला दाखवते ना, त्यात शेजारच्या गाड्यांकडून मिळू शकेल ती वीजही धरलेली असते. एकाच गाडीची वीज आजूबाजूच्या दहा गाड्या आपापल्या पल्ल्यात मोजून बसतात. थोड्या गाड्या रस्त्यावर आणि बाकीच्या भरलेल्या उभ्या, तोवर सगळं उत्तम. सगळ्या एका दिशेला निघाल्या की एकदम सगळ्या रिकाम्या."

"तुम्हाला हे इतकं कसं माहीत?"

"कारण उसनपट्टी माझी आहे," मृदुला म्हणाली.

ती खरोखरच तिची होती. सखी बनवणाऱ्या सहयान कंपनीत असताना तिने ती कल्पना मांडली होती आणि सोबत इशाराही दिला होता: मोठ्या बॅटरीच्या काही गाड्या कायम रस्त्यावर ठेवा, नाहीतर हा डोलारा कोसळेल. मोठ्या बॅटऱ्या म्हणजे खर्च. कंपनीचा मालक हर्षवर्धन मिरजकर भर सभेत हसून म्हणाला होता, "ओगलेबाईंची कल्पनाशक्ती जोरदार आहे, गणित तेवढं कच्चं आहे." सगळे हसले होते. ज्यांना तिने शिकवलं होतं तेही हसले होते. पुढे पट्टी कंपनीची झाली आणि मृदुला बाहेर. बाहेर पडल्यावर जिथे जाईल तिथे ते वाक्य तिच्या आधी पोचलेलं असे. दहा वर्षं झाली होती, पण अजूनही भाजी चिरताना मध्येच ते हसणं कानात वाजलं की तिची सुरी जोरात आपटायची. तिला त्या माणसाला धुळीला मिळालेलं पाहायचं होतं, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

"शेऱ्यात लिहू या ना हे," इम्तियाज म्हणाला.

"नियमावली काय सांगते? एका मॉडेलची एकच गाडी तपासायची. त्या एका गाडीत दोष आहे?"

"नाही, पण..."

"मग पहिला नंबर सखीचा."

तिने सही केली आणि पेनाचं टोपण शांतपणे लावलं. मिरजकरला आपटायचं तर आधी उंच चढवायला हवं होतं.

निकाल लागला त्याच संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा, वृषालीचा फोन आला.

"ताई, आम्ही सखी बुक केली!"

"गोदा घे," मृदुला घाईने म्हणाली. "डिकी मोठी आहे. सीटही चांगल्या आहेत."

"आणि नंबर तिसरा आहे! स्वतः सखीला पहिला दिलास, आणि सख्ख्या बहिणीला तिसरी घ्यायला सांगतेस? कमाल आहे तुझी."

खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मृदुलाने 'बरं' म्हणून फोन ठेवला.

सखीवर लोकांच्या उड्या पडल्या. 'घरी चार्जिंगची कटकट नाही' ही जाहिरात तर पोराबाळांच्या तोंडी झाली. दसरा तोंडावर आला तेव्हा प्रमाणपत्र घ्यायला मिरजकर जातीने केंद्रात आला. हातात पेढे, मागे कॅमेरे.

"बघा, शेवटी बाईंनीच आमची गाडी पास केली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एके काळी यांचं म्हणणं होतं की ही गाडी रस्त्यात बंद पडेल. चालायचंच! गणित सुधारलं त्यांचं."

पुन्हा सगळे हसले. मृदुलाने पेढा घेतला आणि तो गिळताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या बेतात एक मोठं भोक आहे. दसऱ्याला नव्या गाडीला झेंडूचा हार घालायचा आणि पहिली फेरी कुलदैवताला, ही आपल्या लोकांची जुनी रीत. अंबाबाई, जोतिबा, पालीचा खंडोबा. अर्धं पुणं सकाळी एकाच रस्त्याने दक्षिणेला सुटणार आणि खंबाटकीच्या चढावर सख्या माना टाकणार. पण मग हा माणूस 'तांत्रिक अडचण' म्हणून मोकळा होईल. मृदुला ओगलेला हे आधीच कळलं होतं, हे कोणाला माहीत असेल? नुसता सूड तिला पुरणार नव्हता. 'बाईंचं बरोबर होतं' हे तिला त्याच लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मग सांगून टाका, मॅडम," मिरजकर गेल्यावर तिचा हा विचार ऐकून इम्तियाज कळवळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे घाटात अडकलेली माणसं होती. तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता.

तिने सांगून टाकलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती सगळ्या वाहिन्यांवर दिसली. नियमाप्रमाणे एकच गाडी तपासली होती, पण हजारो सख्या एकत्र निघाल्या तर काय होतं याचं गणित हे असं आहे, हे तिने फळ्यावर मांडून दाखवलं. शेवटी म्हणाली, "उद्या सकाळी खंबाटकी घाटात सख्या बंद पडतील. लिहून ठेवा."

दसऱ्याला केंद्राच्या भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर ती नवी साडी नेसून बसली. राज्यातली प्रत्येक सखी तिथे हिरव्या ठिपक्यासारखी दिसे. बंद पडली की ठिपका लाल होई. हिरवी धार शिरवळ ओलांडून घाटाला लागली, वर चढली, पलीकडे उतरली. एकही ठिपका लाल झाला नाही.

"असं कसं?" ती ओरडलीच. "असं होऊच शकत नाही!"

इम्तियाजने गाड्यांच्या बॅटरीची पातळी काढली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, सगळ्या शंभर टक्के भरलेल्या आहेत. काल तुमचं ऐकून लोक घाबरले. ज्यांनी चार्जर खोक्यातून काढलाही नव्हता त्यांनीसुद्धा गाड्या भरून घेतल्या. कोणाला उसनं मागायची वेळच आली नाही."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून..."

"तुम्ही सांगितलं म्हणून माणसं सुखरूप पोचली. केवढी चांगली गोष्ट आहे!"

मृदुलाला ती गोष्ट मुळीच चांगली वाटली नाही. टीव्हीवर मिरजकर हार घालून उभा होता. "मी दहा वर्षांपूर्वीच बोललो होतो," तो डोळे मिचकावत म्हणाला, "कच्चं आहे." त्या दिवसापासून तिच्यावर इतके विनोद झाले, की केंद्राचा शिपाईही तिच्यासमोर हसू दाबायला लागला. मंत्रालयातून खुलासा मागवला गेला. त्या घाटात शंभर गाड्या तरी बंद पडायला हव्या होत्या, असं ती रागाने इम्तियाजच्या तोंडावर म्हणाली. तो उठून गेला.

राग ओसरल्यावर तिने गणित पुन्हा मांडलं. या वेळी त्यात गाड्यांबरोबर माणसंही धरली. उत्तर बघून ती खुर्चीत मागे रेलली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"इम्तियाज, लोक दसऱ्याला घाबरले म्हणून वाचले. मग भाऊबीजेला काय होईल?"

भाऊबीजेला पुन्हा सगळे एकाच सकाळी निघणार होते. पण या वेळी कोणी घाबरणार नव्हतं. बाईंचं भाकीत खोटं ठरलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार्जर पुन्हा माळ्यावर गेले होते, आणि 'अफवांना भुलू नका, नेहमीसारखे निघा' अशी मोठी जाहिरात खुद्द मिरजकरने दिली होती.

"मग आपण परत सांगायला हवं," इम्तियाज म्हणाला.

"सांगणारच आहे. शब्दन् शब्द तोच. घसा फोडून सांगणार आहे."

"पण आता कोणी ऐकणार नाही, मॅडम!"

"म्हणून तर सांगणार आहे."

तिच्या आवाजातला आनंद ऐकून इम्तियाज दोन पावलं मागे सरकला. तिला मात्र आता कसलीही अडचण दिसत नव्हती. आधी सांगितल्याचा पुरावाही राहणार होता आणि गाड्याही थांबणार होत्या. तिने वाहिन्यांना बोलावलं. निम्मे आले, तेही गंमत म्हणून. तिने तोच फळा, तीच आकडेमोड मांडली आणि शेवटी तेच वाक्य म्हटलं. एका पत्रकाराने टाळ्या वाजवल्या.

भाऊबीजेच्या सकाळी नकाशावरची हिरवी धार दसऱ्यापेक्षा जाड होती. गाड्यांच्या बॅटरीची पातळी निम्म्याच्याही खाली होती. मृदुलाने चहा मागवला. तेवढ्यात वृषालीचा फोन आला. मागे मुलांचा गलका चालला होता.

"ताई, दादाकडे निघालोय गं, कराडला. शिरवळ गेलं आत्ताच. तू का नाही आलीस?"

मृदुलाच्या हातातला कप बशीवर आदळला. वृषाली दर वर्षी आदल्या दिवशीच बसने जायची.

"गाडी भरलीस?"

"दोनशेचा पल्ला दाखवतेय की."

"तो खोटा आहे. वृषा, ऐक माझं, आत्ताच्या आत्ता वळव. घाट चढू नकोस."

"आता मागे कुठे वळवू? मागे गाड्याच गाड्या आहेत. आणि ताई, पुरे ना गं आता." वृषालीचा आवाज मऊ झाला. "त्या मिरजकरवर तुझा राग आहे, कळतं मला. पण किती दिवस धरून बसणार? दसऱ्यालाही हेच म्हणाली होतीस. लोक हसतात तुला, मला सहन होत नाही. ठेवते हं, चढ लागला."

भिंतीवर घाटाच्या दुसऱ्या वळणावर एक ठिपका लाल झाला. मग त्याच्या मागचा, मग त्याच्या पुढचा, आणि मग अख्खा घाटच खालपासून वरपर्यंत लाल होत गेला. नव्या बोगद्याच्या तोंडाशी तर रंगाला फट उरली नाही. सगळं तिच्या फळ्यावरच्या आकड्यांबरहुकूम होत होतं.

वृषालीचा फोन पुन्हा आला. या वेळी मुलं रडत होती. "ताई, बोगद्यात बंद पडली गं. पंखा पण बंद झाला. धाकट्याला दम लागतोय, त्याचं दम्याचं मशीन गाडीच्या विजेवरच चालतं. काय करू? ताई..."

आवाज तुटला. मृदुलाने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"लागणार नाही, मॅडम," इम्तियाज म्हणाला. तो ॲम्ब्युलन्सवाल्यांशी दुसऱ्या फोनवर ओरडून थकला होता. "घाटातला टॉवरही सगळे एकदम बोलणार नाहीत याच हिशोबाने उभा केलेला असतो. आता तिथला प्रत्येक माणूस फोन लावतोय."

बाहेर गाड्यांचे आवाज आले. वाहिन्यांची माणसं धावत जिना चढत होती. 'मॅडम, तुमचं बरोबर होतं' असं कोणीतरी दारातूनच ओरडलं. मृदुलाने तिकडे पाहिलंही नाही. ती बहिणीचा नंबर दाबत होती.

मध्येच फोन वाजला. तिने झडप घातली. पडद्यावर हर्षवर्धन मिरजकरचं नाव होतं. एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच स्वतःहून फोन केला होता, आणि तो काय म्हणणार हे तिला नीट ठाऊक होतं.

तिने तो न उचलता कापला. वृषालीचा लागलाच तर लाइन मोकळी हवी होती.