भाऊजी, खाली या

ही गोष्ट खरी आहे. खोटं बोलायची माझी सोयच उरलेली नाही. का, ते कळेलच.

मी गवंडी. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, तेही गवंडी. मी राहतो त्यांच्याकडेच. गेल्या हिवाळ्यात आम्हाला जुन्या कॅथेड्रलच्या छताचा गिलावा काढायचं काम मिळालं. समुद्रापलीकडून राज्य करायला आलेल्यांनी बांधलेलं चर्च. भिंतीत खोली निघेल एवढ्या जाड भिंती, वर उंचच उंच दगडी कमानी. पुढे दोन मनोरे हवेत, पण आहे एकच. दुसरा बांधतानाच कोसळला. माणसांसकट.

"खालून हाक मारली होती म्हणे," म्हातारा रखवालदार सांगायचा. "पण इथं आवाज नुसता घुमतो. वर शब्द पोचलाच नाही."

खरंच होतं ते. म्हणून आम्ही वर बांबूच्या परांचीला पत्र्याचा डबा टांगला होता. खालून दोर हलवला की डबा वाजायचा आणि भाऊजी उतरायचे.

त्या दिवशी मी पार थकलो होतो. चुन्याची धूळ खाऊन खाऊन घसा बसलेला. सकाळी ताईकडे चहासुद्धा खुणेनं मागितला.

"बरं झालं बाई, घरात जरा शांतता!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "यांच्याकडे लक्ष ठेव रे. मला दुसरं कोण आहे?"

भर दुपार. भाऊजी वर. मी दोराशेजारी बाकावर टेकलो.

ठक... ठक... वर हातोडी चालू होती.

मग ती थांबली.

आणि छतातून हाक आली...

"भाऊजी, खाली या!"

एकेक शब्द सुटा. आवाज... माझा.

माझं तोंड मिटलेलं होतं.

भाऊजी कुरकुरत उतरले. "काय रे, आग लागलीय का?"

त्यांचा पाय जमिनीला लागला आणि कमानीचा दगड सुटला. ते उभे होते ती फळी घेऊनच खाली आला.

भाऊजी दगडाकडे बघत म्हणाले, "वाचवलंस रे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं...

आजतागायत शब्द फुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. वैताग आलाय नुसता.

काम काही थांबलं नाही. पोट कुणाला चुकलंय? मी घरी बसलो, भाऊजी एकटे जायला लागले.

काल ते खुशीत घरी आले. "काय मेव्हणे, आवाज आला की! हाक मारून कुठं पळालात?"

मी दिवसभर घरातच होतो. ताईला विचारा.

काय हाक मारली, ते मी खुणेनं विचारलं.

"'भाऊजी, वर या.' वर जाऊन बघतो तर कुणीच नाही."

मी कागदावर लिहिलं, उद्या जाऊ नका.

ते हसले. "अरे, तूच तर बोलावलंस!"

थकलोय हो मी. तरी उद्या जाणार. दोर धरून बसणार, डोळा लागू देणार नाही. गरज पडली की डबा वाजवीन.

पण भाऊजी डब्याचं ऐकतील... की माझ्या आवाजाचं?