झुलालबुवांचा उत्तररंग

जळगावच्या विद्यापीठाचं ग्रंथालय अगदी नवं, पण दुर्मिळ संग्रहाच्या खोलीत शिरलं की माणूस दोन-तीनशे वर्षं मागे जाई. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतली पोथी, साक्रीकडच्या आदिवासींनी रंगवलेले देव, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यांचे फोटो... हा संग्रह सांभाळणारा चुडामण एकेक वस्तू देव्हाऱ्यातल्या टाकासारखी उचलायचा. त्र्याण्णव सालचा मार्च होता. दुसऱ्या दिवशी या सगळ्याचं प्रदर्शन मांडायचं होतं.

त्याचा खरा जीव मात्र फितींच्या कपाटात. खानदेशातल्या जुन्या कीर्तनकारांच्या बावीस चकत्या! धुळ्याहून मागून आणलेल्या यंत्रावर त्या कॅसेटींत उतरवायच्या होत्या, आणि यंत्र संध्याकाळी परत जायचं होतं.

"झुलालबुवांची सोडा," ग्रंथपाल लताबाईंनी सकाळीच बजावलं होतं. "नुसता पूर्वरंग आहे, पुढे खरखर. अर्धवट फिती घ्यायच्या नाहीत. तुमचं काय हो, चिपळी वाजली की हातातलं काम गळतं!"

पण दुपारी दोनला बुवांची मुलगी दारात उभी. भागाबाई, पासष्टीच्या, पिंपळनेरहून एसट्या बदलत आलेल्या.

"आबासना आवाज तेवढा दे, भाऊ. मंग माले काहीच नको."

चुडामणला नाही म्हणवेना. त्याने चकती चढवली, कॅसेटचं बटण दाबलं.

आणि काय तो आवाज! निरूपण असं, की जणू आई भरवते आहे. अवघड वेदान्त बुवा केळीच्या बागेतल्या पाटाच्या पाण्यावरून समजावत होते. चुडामणचे डोळे भरून आले. अर्ध्या तासाने पूर्वरंग संपला, गजर झाला आणि खरखर सुरू झाली. त्याचा हात बटणाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," भागाबाई म्हणाल्या.

खरखर चालू राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्याला वाटलं, ही खरखर नव्हे. पुष्कळ माणसं गप्प बसली की येतो तसा हा आवाज आहे. कुणाच्या बांगड्या किणकिणल्या. एक लेकरू खोकलं. भर दुपारी खोलीत पेट्रोमॅक्सच्या रॉकेलचा वास आला.

"हार कोठे शे?" भागाबाईंनी विचारलं.

"कसला हार, अक्का?"

"मध्यंतर शे ना! हार-बुक्क्याशिवाय बुवा उत्तररंग कसा करतीन?"

चुडामण हसणार होता, पण हसला नाही. शेकडो कीर्तनं ऐकलेला माणूस. रीत ती रीत. उद्घाटनासाठी आणलेला झेंडूचा हार ओल्या फडक्यात होता. तो त्याने दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवला. भागाबाईंनी कमरेच्या पिशवीतून बुक्का काढून यंत्राला बोट लावलं.

फितीत कुणीतरी घसा साफ केला.

पेटीने सूर धरला.

भक्ताच्या कुडाच्या घरात देव जेवायला येतो, ते आख्यान बुवांनी उभं केलं. देवाने भाकरी मोडली तेव्हा फितीतली सगळी सभा रडली. चुडामणही रडला. असा उत्तररंग त्याने जन्मात ऐकला नव्हता. कॅसेट फिरत होती; आता कोण अर्धवट म्हणेल?

"अक्का, बघा, आहे की सगळं! वाचली फीत!"

भागाबाई यंत्राकडे पाहत होत्या. चेहरा शांत.

"आबासनी उत्तररंग कयाच नही, भाऊ."

"म्हणजे?"

"हार लेवाले माणूस गया, तवलोंग आबा बठेलच गयात. तो हार मंग त्यासना अंगवर टाका."

म्हणजे हार येण्याआधीच, मध्यंतरातच, बुवा बसल्या जागी वारले होते.

आरती संपली. बुवा दमलेल्या, प्रसन्न आवाजात बोलू लागले, कीर्तनानंतर बोलतात तसे.

"आजचा हार आपल्या चुडामणभाऊंचा. देव त्यांचं भलं करो."

फितीच्या डबीवर साल होतं एकसष्ट. चुडामणचा जन्म बासष्टचा.

"उद्या कीर्तन याच वेळेला. उद्याचा हार आमच्या भागाचा."

चकती थांबली.

भागाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासरहून माहेरी निघालेल्या पोरीसारख्या लगबगीने उठल्या.

"चाल भाऊ, निंघस मी. फुले लेवाले जानं शे."